दट्ट्यापुढचा थेंब

२०२० सरता सरता, कोविडचं लसीकरण नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, अमेरिकेतून एक छोटीशी बातमी आली. फायझरच्या कुपीवर पाच डोस असं छापलेलं होतं आणि काही दवाखान्यांत त्याच कुपीतून सहावा डोस निघत होता. काही ठिकाणी निघायचा, काही ठिकाणी नाही. लस तीच, कुपी तीच, नर्सचे हातही तेवढेच सराईत. फरक पडत होता सिरिंजमुळे. हिशेब वहीत मांडण्यासारखा सरळ आहे. कुपीत ०.४५ मिली लस, त्यात १.८ मिली सलाइन घालायचं, झाले २.२५. एका डोसला ०.३, म्हणजे सहा डोसांना १.८ पुरे. पण साध्या सिरिंजचा दट्ट्या तळाला टेकला तरी पुढे दीडेक थेंब अडकून राहतो, साधारण ०.०८४ मिली. मग एका डोसला लागतात ०.३८४, सहांना २.३०४, आणि कुपीत तेवढं नसतंच. युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं, जिच्यात ०.०३५ मिलीपेक्षा जास्त उरणार नाही अशी सिरिंज वापरा. सहा डोस २.०१ मिलीमध्ये बसले. जपानकडे अशा सिरिंज पुरेशा नव्हत्या, तिथे सहाव्या डोसावर पाणी सोडायची वेळ आली. आपल्याकडे लस वेगळी होती, पण थेंबाची किंमत तीच होती. केरळने ७३,३८,८०६ डोस मिळवले आणि ७४,२६,१६४ दिले. कुपीत जे चार थेंब जास्तीचे येतात ते तिथल्या नर्सेसनी वाया जाऊ दिले नाहीत. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

त्या बातमीतली खुपणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या थेंबासाठी २०२१मध्ये सरकारं सिरिंज शोधत फिरली, त्या थेंबाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१२मध्येच लेखी शिफारस केली होती. कमी थेंब उरणाऱ्या सिरिंज वाटा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ती शिफारस लशीसाठी नव्हती. सुईने नशा करणाऱ्या माणसांसाठी होती.

नऊ वर्षं ती फारशी कुणाच्या कानावर गेली नाही.

दोन सिरिंज शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. एक आपल्या ओळखीची, दोन मिलीची, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. तिची सुई रंगीत प्लास्टिकच्या बुडासकट वेगळी येते आणि सिरिंजच्या चोचीवर दाबून बसवावी लागते. दुसरी इन्सुलिनची, बारीक, लाल किंवा नारिंगी टोपणाची, तिची सुई नळीतच कायमची रोवलेली. दोन्हींत पाणी भरून दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की इन्सुलिनच्या सिरिंजमधलं काळं रबर थेट सुईच्या मुळाशी जाऊन टेकतं. साध्या सिरिंजमध्ये ते चोचीच्या अलीकडेच थांबतं. चोचीची पोकळी, सुईच्या बुडाची पोकळी आणि सुईची नळी, एवढी जागा भरलेलीच राहते. अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी ती रिकामी होत नाही, कारण तिथवर दट्ट्या पोचतच नाही. या जागेला डेड स्पेस म्हणतात. विल्यम झूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये वेगवेगळ्या सिरिंज घेऊन या जागेचा अभ्यास छापला. सुटी सुई असलेल्या सिरिंजमध्ये साधारण ८४ मायक्रोलिटर उरतं आणि रोवलेल्या सुईच्या सिरिंजमध्ये साधारण २, हे आकडे तेव्हापासून या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहेत. एक थेंब म्हणजे अंदाजे ५० मायक्रोलिटर. तेव्हा ८४ म्हणजे दीड थेंब, आणि २ म्हणजे डासाने एका वेळी प्यायलेलं रक्त.

सुईने नशा करणारा माणूस सुई शिरेत टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढतो. नळीत लाल धागा उमटला म्हणजे शीर सापडली. मग तो दट्ट्या पुढे दाबतो. कण वाया जाऊ नये म्हणून बरेच जण पुन्हा रक्त ओढून नळी आतून धुऊन घेतात. सुई बाहेर येते तेव्हा त्या पोकळीत पाणी किंवा औषध उरलेलं नसतं, बहुतांशी रक्तच असतं. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य रोग झालेल्या माणसाच्या रक्तात एका मिलीत विषाणूचे दहा लाख युनिट असणं ही नेहमीची गोष्ट आहे. दीड थेंबात मग ८४,००० येतात आणि डासाच्या घोटात २,०००. आता दुसऱ्याने ती सिरिंज घेतली आणि एक मिली पाण्याने एकदा खळबळून धुतली असं धरू. साध्या सिरिंजमध्ये उरलेलं रक्त तेराएक पट पातळ होतं, तरी पोकळीत साडेसहा हजार युनिट राहतात. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ते पाचशे पट पातळ होतं आणि राहतात चार. साडेसहा हजार आणि चार. माणसं तीच, नशा तीच, धुण्याचा आळस किंवा घाई तीच, पाणीही त्याच बाटलीतलं. बदलला तो फक्त प्लास्टिकचा साचा.

हा थेंब किती दिवस जिवंत राहतो, हे येल विद्यापीठात एलिजा पेंटसिल, रॉबर्ट हायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. विषाणू मिसळलेलं रक्त सिरिंजमध्ये भरायचं, दट्ट्या दाबून रिकामं करायचं, सिरिंज वेगवेगळ्या तापमानात ठेवून द्यायच्या, आणि दिवसांमागून दिवस एकेक काढून आत उरलेलं काचेच्या बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर सोडायचं. पेशींना लागण झाली तर विषाणू जिवंत होता. २०१०मध्ये निकाल छापून आला. रोवलेल्या सुईच्या सिरिंजमध्ये विषाणू लवकर हटला. सुटी सुई लावलेल्या एक मिलीच्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत सापडला. नऊ आठवडे. पुढे त्याच गटाने दाखवलं की वाळलेला रक्ताचा डागही खोलीच्या तापमानाला सहा आठवडे लागण करू शकतो. थंडीत हे विषाणू जास्त टिकतात, उन्हाळ्यात लवकर मरतात. एचआयव्हीची गत थोडीफार तशीच. फ्रिजच्या तापमानाला सिरिंजमध्ये तो सहा आठवडे तग धरतो, तर आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात आठवडाभरात जवळजवळ संपतो.

हे सगळं वाचताना व्यसनी माणसाचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि मन जरा लांब उभं राहतं. म्हणून इजिप्तची गोष्ट आठवून बघावी. नाईलच्या पाण्यात उभं राहून शेती करणाऱ्या लोकांना शिस्टोसोमियासिस नावाचा कृमींचा आजार व्हायचा. १९५०च्या दशकापासून १९८०च्या आसपासपर्यंत सरकारने गावोगावी शिबिरं घेऊन लाखो लोकांना त्यावर टार्टर एमेटिकची इंजेक्शनं दिली. एकेकाला डझनभर सुया, रांगेत, काचेच्या सिरिंजने, आणि दोन माणसांच्या मध्ये सिरिंज पुरेशी उकळायला वेळ नाही. हिपॅटायटिस सी हे नावसुद्धा तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं, तो विषाणू सापडला १९८९मध्ये. शतक संपेपर्यंत जगात या रोगाचं सर्वांत जास्त प्रमाण इजिप्तमध्ये होतं. तिथे कुणी नशा करत नव्हतं. सरकारी माणसाने चांगल्या हेतूने शिरेत टोचलेली सुई होती ती. आपल्याकडे साठीपुढच्या कुणालाही ती स्टीलची डबी आठवेल. वातीच्या स्टोव्हवर खळखळणारं पाणी, चिमट्याने उचललेली काचेची नळी, स्पिरिटचा थंड वास, आणि बाहेर बाकावर ताटकळलेली माणसं, ज्यांची पक्की खात्री की गोळीने काही होत नाही, डॉक्टर, सुई मारा. गर्दीच्या दिवशी त्या डबीतलं पाणी किती मिनिटं उकळलं, हे कुणी घड्याळ लावून पाहिलं नाही.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये तर सिरिंज मिळेनाशीच झाली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हेरॉइनची लाट आली. पोलिसांनी धोरण म्हणून सिरिंज जप्त करायला सुरुवात केली. सर्जिकल सामानाच्या ज्या दुकानात त्या मिळायच्या, तिथली विक्री दबावाने बंद झाली. विचार साधा होता. सुई नसेल तर टोचणार कशाने? झालं असं की टोचायचं थांबलं नाही, सुया कमी झाल्या. एकेक सिरिंज दहा-वीस जणांत फिरू लागली, बोथट झाली की काडेपेटीच्या कडेवर घासून पुन्हा वापरायची. रॉय रॉबर्टसन नावाचे डॉक्टर तिथल्या म्युअरहाउस वस्तीत काम करत होते. हिपॅटायटिस बी पसरतोय म्हणून त्यांनी या मुलांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. एचआयव्हीची तपासणी निघाल्यावर त्यांनी ते नमुने तपासून घेतले. १६४ जणांपैकी ८३ जणांना लागण झालेली होती. १९८६मध्ये हे छापून आलं. ग्लासगो तिथून जेमतेम ७० किलोमीटर. हेरॉइन तिथेही मुबलक होतं, पण सिरिंजवर तेवढी धाड नव्हती, आणि तिथलं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. दोन शहरांतल्या मुलांच्या स्वभावात, संस्कारांत, गरिबीत एवढा फरक असू शकत नाही.

ॲम्स्टरडॅममध्ये १९८४मध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने सुया बदलून द्यायला सुरुवात केली, तीही हिपॅटायटिस बीच्या भीतीने. १९८८मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात डेव्ह पर्चेस नावाचा माणूस घडीचं टेबल आणि खुर्ची घेऊन रस्त्यावर बसला. जुनी सुई द्या, नवी घ्या. आज ज्याला नीडल एक्स्चेंज म्हणतात, त्याचा आराखडा त्या टेबलापेक्षा फारसा वेगळा नाही.

मणिपूरची गोष्ट एडिनबरासारखीच, फक्त आपल्या घरातली. म्यानमारच्या सीमेवरच्या मोरेवरून 'नंबर फोर' हेरॉइन इंफाळच्या रस्त्याने यायचं, शुद्ध आणि स्वस्त. १९८९च्या सुरुवातीला सुईने नशा करणाऱ्यांच्या रक्तात तिथे एचआयव्ही सापडत नव्हता. पहिल्या लागणी कळल्या आणि वर्षभराच्या आत त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना लागण झालेली होती. तिथेही मुलांना पकडून साखळदंडाने बांधून ठेवणं झालं, सिरिंज जवळ सापडली म्हणून मारहाण झाली. मग याच छोट्या राज्याने १९९६मध्ये स्वतःचं एड्स धोरण लिहिलं आणि सुया वाटणं, हेरॉइनऐवजी पर्यायी औषध देणं हे त्यात उघडपणे स्वीकारलं. हे धाडस देशात पहिल्यांदा झालं. शेजारच्या नागालँड-मिझोराममध्ये अडचण आणखी वेगळी होती. तिथली मुलं पोटात घ्यायच्या वेदनाशामक कॅप्सूल फोडून टोचायची. ती पूड पाण्यात नीट विरघळत नाही, शिरा बुजतात, गळवं होतात, हातपाय कापायची वेळ येते. मुंबईत गर्द आला तेव्हा बहुतेक जण तो चांदीच्या कागदावर जाळून धूर ओढायचे. भाव चढले, पुडीत भेसळ वाढली, तेव्हा त्यातले काही सुईकडे वळले, कारण तेवढ्याच पैशांत सुईने जास्त चढते. मराठीत आपण त्याला 'गर्दुल्ला' म्हणालो. हा शब्द आपल्या तोंडात इतका सहज बसला की त्यामागे कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ आहे हे दिसायचंच बंद झालं. रुळांच्या कडेला बसलेल्या माणसाच्या हातातली सिरिंज आपल्याला दिसते. ती दोन मिलीची आहे की एक मिलीची, हे कोण बघतो?

२०१९च्या सरकारी पाहणीनुसार देशात सुईने नशा करणारे साधारण साडेआठ लाख आहेत. त्याआधी १५ शहरांत १४,४८१ जणांचं रक्त तपासलं गेलं होतं आणि ३७ टक्क्यांमध्ये हिपॅटायटिस सीच्या खुणा आढळल्या. त्यातल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? हा रोग वीस-वीस वर्षं गप्प बसतो. दुखत नाही, कावीळ दिसतेच असं नाही. यकृत मात्र आतून हळूहळू निबर होत जातं.

या माणसांपर्यंत जो आउटरीच वर्कर पोचतो, त्याची पिशवी उघडून बघण्यासारखी असते. सिरिंज असतात, वेगवेगळ्या जाडीच्या सुया असतात, स्पिरिटचे बोळे असतात, वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा डबा असतो. तो स्वतः जुन्या सुईला हात लावत नाही. डबा पुढे धरतो आणि ज्याची सुई त्यानेच आत टाकायची. नोंदवहीत दिलेल्या किती, परत आलेल्या किती. जागतिक उद्दिष्ट माणशी वर्षाला ३०० सिरिंजचं आहे. दिवसाला तीन-चार वेळा टोचणाऱ्याला ते वर्षाचा जेमतेम चौथा हिस्सा पुरतं. मग सगळ्यांना इन्सुलिनच्याच सिरिंज का देत नाहीत? देऊन बघितल्या की कळतं. तिच्यात एक मिलीच मावतं आणि काही जणांना दोन लागतात. सुई गाळाने तुंबली तर बदलता येत नाही. मांडीतली शीर शोधणाऱ्याला तिची लांबी पुरत नाही. जी सिरिंज हातात बसत नाही ती माणूस घेत नाही, घेतली तर फेकतो आणि जुनीच वापरतो. त्यामुळे सुटी सुई असूनही पोकळी कमी ठेवणारे साचे निघाले. दट्ट्याच्या टोकाला चोचीत शिरणारं बोंड द्यायचं किंवा सुईचं बूड आतून भरीव करायचं. काम बारीक आहे आणि त्यावर डोकं चालवणाऱ्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आणि सिरिंज नवी दिली तरी थेंब दुसऱ्या वाटेने येतो. बाटलीचं झाकण किंवा चमचा, त्यातलं पाणी, गाळायला घेतलेला कापसाचा बोळा, हे तिघं-चौघं मिळून वापरतात. प्रत्येकाची सिरिंज स्वतःची, पण सगळ्यांच्या सुया एकाच चमच्यात बुडतात. एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस सी या वाटेने फार सहज जातो. म्हणूनच सुया वाटल्यावर एचआयव्ही लवकर खाली येतो आणि सी हटून बसतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात लंडन नावाचं शहर आहे. तिथे २०१६मध्ये एचआयव्हीची साथ आली आणि डॉक्टर चक्रावले, कारण तिथे सुया भरपूर वाटल्या जात होत्या आणि लोक त्या वापरतही होते. शेवटी बोट चमच्यावर टेकलं. तिथली माणसं हळूहळू सुटणारं एक वेदनाशामक औषध टोचत होती. पहिल्या वेळी जवळजवळ निम्मं औषध चमच्यातच राहायचं. ते मौल्यवान, म्हणून चमचा जपून ठेवायचा, मित्राला द्यायचा, विकायचा. आणि औषध सावकाश सुटावं, कुणाला एकदम चढू नये, म्हणून त्यात जे घटक घातलेले होते, तेच विषाणूला चमच्यात जगवत होते. सुरक्षेसाठी केलेली रचना त्या दुसऱ्या जीवाचं पांघरूण झाली होती. उपाय मिळाला तो दहा सेकंदांचा. चमच्यातलं उरलेलं बुडबुडे येईपर्यंत पुन्हा तापवा, साधारण दहा सेकंद. एचआयव्ही मरतो. 'कुक युअर वॉश' अशी मोहीमच शहरात चालली. हिपॅटायटिस सीला मात्र एवढी धग पुरेल यावर विसंबू नये, तो जास्त चिवट आहे.

पण या माहितीच्या खाली एक अस्वस्थता कायम असते, आणि ती झटकून टाकणं प्रामाणिकपणाचं नाही. चमचा किती सेकंद तापवायचा हे सांगणं म्हणजे टोचून घ्यायला शिकवणं का? ज्या आईने मुलाच्या उशीखाली सिरिंज सापडली म्हणून रात्रभर रडून काढलं, तिला कुणी येऊन सांगावं की आम्ही त्याला चार नव्या दिल्यात, तर तिला काय वाटेल? अमेरिकेत इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी आहे. तिथलं ऑस्टिन जेमतेम चार हजार वस्तीचं गाव. वर्षाला पाचसुद्धा एचआयव्हीच्या केसेस नसायच्या. २०१५च्या जानेवारीत ११ सापडल्या आणि नोव्हेंबरपर्यंत १८१ झाल्या. नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना हिपॅटायटिस सीही होता. काही घरांत आजी, मुलगी आणि नातू एकत्र बसून एकाच सिरिंजने टोचत होते. राज्याच्या कायद्याने सुया बदलून देणं गुन्हा होतं. गव्हर्नर माइक पेन्स यांचा स्वतःचा त्याला विरोध होता, तरी मार्चअखेर त्यांनी आणीबाणी जाहीर करून परवानगी दिली. एप्रिलमध्ये केंद्र सुरू झालं, साथ ओसरली. २०२१मध्ये त्याच काउंटीच्या तीन सदस्यांनी मतदान घेतलं आणि दोन विरुद्ध एक मताने केंद्र बंद करायचं ठरवलं. ती दोन माणसं दुष्ट होती असं मानायचं कारण नाही. आपण दिलेल्या सुईने कुणी अतिसेवनाने मेला तर, ही भीती खरीच आहे. पण दीड थेंबाचा हिशेब त्या भीतीने बदलत नाही. आणि सुया वाटल्याने नव्याने टोचणारे वाढतात, असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत कुठे दिसलेलं नाही.

त्या आईला सांगण्यासारखं आणखी एक आहे. सुई बदलायला जो रोज येतो, त्यालाच उद्या हेरॉइनऐवजी घ्यायच्या गोळीबद्दल सांगता येतं. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, ती विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात, तोवर गिळायची नाही, बोलायचं नाही. ओएसटी, म्हणजे हे पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रातली नर्स शेवटी तोंड उघडायला लावून बघते, कारण गोळी गालात दडवून बाहेर नेली तर ती कुटून टोचली जाते. पहिला डोस घाईने द्यायचा नसतो. माणूस 'टर्की'त गेल्यावरच, म्हणजे नाक वाहतंय, जांभया येतायत, अंग मोडून येतंय असं दिसल्यावरच द्यायचा. आधीचं हेरॉइन शरीरात असताना दिला तर ही गोळी त्याला ढकलून स्वतः बसते आणि माणूस तासाभरात तडफडतो. एकदा असं झालं की तो पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. नीट सुरू झाली तर मात्र दिवस शांत जातो. तलफ नाही, धावपळ नाही, चोरी नाही. हिपॅटायटिस सी होण्याचा धोका या उपचाराने निम्म्यावर येतो, आणि जोडीला पुरेशा सुया असतील तर तो जवळजवळ तीन चतुर्थांश घटतो. अडचण रोजच्या हजेरीची आहे. केंद्र सकाळी उघडतं, नाक्यावर मजुरी मिळायची वेळही तीच. दोन्हींतलं एक सोडायचं झालं तर गोळीच सुटते. २०२०च्या टाळेबंदीत नाइलाजाने काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची मुभा मिळाली. जे वर्षानुवर्षं जोखमीचं म्हणून टाळलेलं होतं, ते तेव्हा होऊन गेलं.

आणि आता तर हिपॅटायटिस सी बरा होतो. सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. शंभरातले पंचाण्णव बरे होतात. २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं तेव्हा १२ आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती, गोळीला हजार डॉलर. २०१५पासून भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतलं. पंजाबने २०१६मध्ये जिल्हा रुग्णालयांतून ते मोफत द्यायला सुरुवात केली, आणि २८ जुलै २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ते देशभर मोफत मिळतं. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आहे का हे बघायचं, कारण सी गेला की दबलेला बी उसळू शकतो. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही औषधं चालत नाहीत. यकृत निबर झालेलं असेल तर डॅक्लाटासविरच्या जागी वेलपाटासविर येतं. हे सगळं शिकलेल्या हातांना जमण्यासारखं आहे. जमत नाही ते पुढचं वाक्य सोडणं, 'आधी नशा सोड, मग औषध देतो.' नशा चालू असलेल्या १०३ जणांना औषध देऊन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९४ टक्के बरे झाले. २०१८मध्ये हे छापून आलं. त्यातला प्रत्येक जण बरा झाला म्हणजे एका सिरिंजच्या पोकळीतला दीड थेंब निरुपद्रवी झाला. इजिप्तने २०१८-१९मध्ये पाच कोटींच्या आसपास लोकांची तपासणी केली, सापडेल त्याला औषध दिलं, आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या नावावर रोगनिर्मूलनाच्या वाटेवरचं सुवर्णपद लिहिलं. सुईनेच झालेली जखम होती ती.

बऱ्या झालेल्या माणसाच्या वाट्याला एक त्रास येतो, तो सांगायलाच हवा. बोटातून थेंब घेऊन जी पट्टीची तपासणी करतात ती प्रतिपिंडं बघते. विषाणू गेला तरी प्रतिपिंडं जन्मभर राहतात. म्हणून पट्टी कायम 'रिॲक्टिव्ह' येते. नोकरीच्या तपासणीत, ऑपरेशनच्या आधी, रक्तदान शिबिरात पुन्हा तेच. बरा झाला की नाही हे फक्त व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीवरून कळतं, औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवायला सांगावं. आणि हेही सांगावं की ही प्रतिपिंडं ढाल नव्हेत. त्याच झाकणात पुन्हा सुई बुडाली तर रोग पुन्हा होतो, आणि झाला तर पुन्हा औषध मिळतं, न रागावता मिळायला हवं.

संध्याकाळी आउटरीच वर्कर नोंदवही पूर्ण करतो. समजा आज १४ दिल्या, ११ परत आल्या. डब्याचं झाकण दाबून लावतो, हलवून बघतो की सुटत नाही ना. ११ सिरिंज आत खुळखुळतात. उरलेल्या तीन बाहेर आहेत, एखाद्या नाल्याच्या कठड्यावर, पुलाखालच्या विटांच्या फटीत, किंवा कुणाच्या तरी खिशात टोपण लावून जपलेल्या. सुट्या सुईच्या असतील तर प्रत्येकीच्या चोचीत दीड थेंब आहे, कडेने तपकिरी होत चाललेला. डिसेंबर असेल, रात्री गार असतील, तर तो सावकाश वाळेल.